ओल्या कौतुकाची घट

रिना रायसिंग पावरा हिचे कौतुक वाजवीपेक्षा जास्त होत आहे किंवा कसे, हे ठरवण्यासाठी तापी-सातपुडा रग्बी मंडळाची सभा दिवाळीच्या आधीच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता नंदुरबारात भरली. मी मंडळाचा सचिव. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो तेव्हा रिकामा बसून घरच्यांना पिडू नये म्हणून लोकांनी मला रग्बीत घातले. या खेळाचा चेंडू गोल नसतो, एवढी माहिती मला तेव्हाही होती.

सभेला कारण असे घडले. वरच्या कार्यालयाचे पत्र आले की राज्याच्या सराव शिबिरासाठी जिल्ह्यातून एक मुलगी पाठवावी, शिबिर दहा जानेवारीपासून. तिथून राज्याच्या संघात गेलेल्या मुलीला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो. त्यामुळे जो तो आपापल्या पोरींची नावे फुगवून पाठवतो, म्हणून यंदापासून शिफारशीसोबत दाखला जोडावा: 'सदर खेळाडूचा लौकिक तिच्या खेळाहून अधिक नाही.' दाखल्याचा नमुना मात्र सोबत नव्हता. अहो, नोकरीत मी दोन पूर आणि पाच निवडणुका काढल्या, पण नमुन्याशिवायचा दाखला म्हटले की आजही मी आधी सभा बोलावतो.

रिना धडगावकडच्या डोंगरातली, अकरावीत शिकणारी, आमच्या संघाची पुढच्या फळीतली खेळाडू, म्हणजे फॉरवर्ड. फॉरवर्डचे काम, प्रशिक्षक हेमकांत सरांच्या सांगण्यानुसार, चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणे. आमचे मैदान म्हणजे अध्यक्ष रतनलाल शेठ यांची पथारी. तिथे ते मिरची वाळत घालतात. मिरची येईपर्यंत जागा मोकळी असते, तेवढे दिवस आम्ही तिथे रग्बी खेळवतो, आणि म्हणून शेठ अध्यक्ष आहेत.

सभेपूर्वी मी कौतुकाची रीतसर मोजदाद केली होती. वर्तमानपत्रात बातम्या तीन. शहाद्याच्या बसस्थानकाबाहेर अभिनंदनाचा फलक एक. फलकावर शुभेच्छुकांचे चौदा चेहरे होते आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी रिना, म्हणून फलकाचा पंधरावा हिस्साच तिच्या नावे धरला. शिवाय पथारीसमोरचा चहावाला गोकुळ. त्याने तोंडी जबाब दिला, "काय खेळस ती पोर! पाच-पाच पोरी तिले लोंबकळतस, तरी थांबस नही. मन्हा चहा उतू जास, पन मी देखत ऱ्हास."

"आता यातलं खरं किती आणि जास्तीचं किती?" मी सभेला विचारले.

"साहेब, गेल्या वर्षी सात सामने आणि एकोणीस ट्राय," हेमकांत सर म्हणाले. ट्राय म्हणजे रेषेपलीकडे जाऊन चेंडू टेकवणे. "यात जास्तीचं काय आहे?"

"हे तिच्या खेळाचे आकडे झाले. सभेपुढे विषय कौतुकाचा आहे. विषयाला धरून बोला."

मग रतनलाल शेठनी चष्मा काढून पुसला. शेठचे घराणे मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या मिरचीत गेल्यामुळे बोलणे पक्के इथले. "अरे भाऊ, सोपं शे," ते म्हणाले. "वली मिरची चार क्विंटल ली, वाळाले टाकी. मंग किती भरस? एक. तीन क्विंटल नुसतं पानी. त्याले आम्ही घट म्हनतस. या पोरनं कौतुकबी वलं शे. सुकाडी देखा."

काय सांगू, इतके स्वच्छ प्रशासकीय डोके मी सरकारातसुद्धा पाहिले नव्हते. मी तिथल्या तिथे ठराव लिहिला: सदर खेळाडूस जानेवारीपर्यंत खेळापासून दूर ठेवावे, सराव देऊ नये, सदस्यांनी तिचे नाव उच्चारू नये. मुदतीअखेर जे कौतुक शिल्लक राहील ते खरे समजावे.

"शेठ, मिरची आणि पोरगी यांत काही फरक आहे की नाही?" हेमकांत सर ताडकन उठले.

शेठनी प्रामाणिकपणे विचार केला. "शे ना. मिरचीले भाव शे."

सरांचा विरोध नोंदवून ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी रिना बापाला घेऊन आली. रायसिंग दाराशीच उभा राहिला, बस म्हटले तरी बसेना. रिनाने ठराव दोनदा वाचला.

"सर, मी खेळलेच नाही, तर मी कशी खेळते ते कळणार कसं?"

"खेळत असताना सगळेच चांगले वाटतात, बाळ," मी म्हणालो. "न खेळता चांगलं वाटणं, ती खरी परीक्षा."

रायसिंगने डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. "साहेब, खेळते म्हणून हिला होस्टेलात ठेवून जाणार होतो. आता खेळायचं नाही, तर फडात नेतो. हिच्या आईचा हात मोडलाय. ऊसतोडीला जोडी लागते."

दरवर्षी दिवाळीनंतर ही मंडळी गुजरातेत ऊस तोडायला जातात. मला ती सोय बरीच वाटली. माल जिल्ह्याबाहेर वाळला म्हणजे स्थानिक हस्तक्षेपाची तक्रार राहत नाही.

रिना मात्र हलेना. "शिबिर दहाला आहे ना? मी आठला येते. तुम्ही दाखला तयार ठेवा, सर. मी पोलिसात लागले की बाबाला परत कोयता धरू देणार नाही."

असे हट्टाने बोलते ही पोर. मला तिचा राग आला, आणि कौतुकही वाटले. कौतुकाला बंदी असल्याने मी रागच ठेवला.

डिसेंबरात आमचा संघ जळगावला गेला आणि शून्य विरुद्ध सत्तेचाळीस असा आपटून परत आला. हेमकांत सर कागद नाचवत माझ्या घरी आले. "घ्या पुरावा! ती नव्हती म्हणून हे झालं."

"जी मैदानावर नव्हती, तिला त्या सामन्याचं श्रेय कसं देता येईल?" मी म्हणालो. "आणि ही तर तिची नवी स्तुती झाली. वाळत घातलेल्या मालावर तुम्ही पाणी मारताय." ठरावाचा भंग केला म्हणून मी त्यांना नोटीस काढली. त्यांनी तिच्यात शेंगदाणे बांधून मला परत पाठवले.

आठ जानेवारीला सकाळी शिल्लक कौतुकाची तपासणी झाली. वर्तमानपत्रात अवाक्षर नाही. शहाद्याच्या फलकावर कुणाचा तरी वाढदिवस. गोकुळला विचारले तर त्याने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले आणि कप विसळत म्हणाला, "कोन रिना? माले काही माहित नही भाऊ, मी आपला चहा विकस." एकूण शिल्लक शून्य.

"शंभर टक्के घट?" शेठ हबकले. "आसा माल मी जिंदगीमा देखा नही."

मी अहवाल लिहीत होतो, तेवढ्यात रिना पथारीच्या फाटकातून आत आली. रात्रभर गाडीत उभी होती म्हणे. उसाच्या पात्यांनी हात कोपरापर्यंत चिरलेले. हेमकांत सरांनी तिच्या हातात चेंडू दिला आणि मिरचीचे सहा हमाल तिच्यासमोर उभे केले. "अडवा रे हिला," ते म्हणाले. "दमात अडवा."

पथारीभर लाल मिरची पसरलेली होती. रिना त्या मिरचीतून सुटली. पहिला हमाल खांद्याच्या धक्क्याने बसला, दुसऱ्या-तिसऱ्याने कमरेला मिठी मारली तर त्यांना ओढत घेऊन निघाली, आणि चौथा बिचारा स्वतःहून बाजूला झाला. मिरचीचा असा काही खकाणा उठला की शेठ शिंकू लागले, हमाल खोकू लागले, रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. पलीकडच्या भिंतीशी तिने चेंडू टेकवला, तेव्हा शेवटचे दोघे अजून तिच्या पाठीला लटकलेले होते.

खरे सांगतो, मी पाहिले. सगळे पाहिले. तोंडातून 'वा पोरी!' निघून गेले. मग मी नाकाला रुमाल लावला आणि इतिवृत्तात नोंद केली: 'सदस्यांच्या डोळ्यांत मिरची गेल्याने प्रात्यक्षिक कोणासही दिसले नाही.'

आता पाठवायचे कुणाला? संघात बारावी खेळाडू म्हणून शेठची नात फाल्गुनी होती. बारा नावे भरल्याशिवाय अर्ज स्वीकारत नाहीत, म्हणून तिचे नाव घातलेले. तिचा खेळ शून्य, तिचे कौतुक शून्य. लौकिक खेळाहून कणभर अधिक नाही! इतका निर्दोष दाखला मी आयुष्यात लिहिला नव्हता.

"दादाजी, मला चेंडू धरतासुद्धा येत नाही," फाल्गुनी शेठपुढे रडकुंडीला आली. "रिनाला पाठवा ना."

"बेटा, शिबिर होईपर्यंत चेंडूला हात लावू नकोस," मी तिला समजावले. "दाखला खोटा ठरेल."

रिना हे ऐकत होती. "म्हणजे माझं नाव नाही?"

"तुझा लौकिकच उरला नाही, बाळ. नियमापुढे माझा इलाज नाही."

"लौकिक नको होता मला, सर. खेळायचं होतं." तिने केसांतली मिरची झटकली आणि निघाली. दुपारच्या गाडीने ती परत फडावर गेली. रायसिंगची जोडी मोडून चालणार नव्हती.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या फेसबुक पानावर मी फाल्गुनीचा फोटो टाकला, वर 'जिल्ह्याची वाघीण' असे लिहून. दोन दिवसांत तेवीसशे लोकांनी अंगठा दिला. हे सगळे वाचून तुम्हाला माझी चीड आली असेल, मला हलकट म्हणावेसे वाटत असेल, खुशाल म्हणा. पण सचिव या नात्याने ती यादी मी खालपर्यंत वाचली आहे. तुमचा अंगठा चारशे बारावा आहे, आणि त्याखाली तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिले आहे, 'अभिमान वाटतो, ताई.'