अप्पा प्रधान आणि पुढे जाण्याची रीत

अप्पा प्रधानांना पायगाडीवरून कोणाच्या पुढे जायचं असलं, तर ते आधी त्याची परवानगी मागत. नुसती घंटी वाजवून त्यांचं भागत नसे. "घंटी वाजवणं म्हणजे माणसाला 'हट' म्हणणं," असं ते म्हणत. मागून यायचे, वेग कमी करायचे, एक हात मुठीवरून सोडून पगडीला लावायचे आणि विचारायचे, "येऊ का पुढे?" समोरचा "या" म्हणाला तरच पुढे. हा मान टांगेवाल्यांना मिळे, गवताचे भारे घेऊन बाजाराला निघालेल्या बायांना मिळे. एकदा दुर्गाडी किल्ल्याच्या उतारावर त्यांनी एका म्हशीलाही विचारलं. म्हैस काही बोलली नाही. अप्पा खाडीपर्यंत तिच्या मागे मागे गेले.

"अहो, म्हैस काय उत्तर देणार?" मी नंतर म्हटलं.

"ते तिचं तिने बघावं. विचारायचं काम आपलं."

तेव्हा कल्याणात दुचाकी गाड्या मोजून पाच होत्या. लोक त्यांना पायगाडी म्हणत, आणि ती दिसली की कुत्री नि पोरं मागे धावत. पाचांतली एक अप्पांची. रेल्वेतल्या एका साहेबाची बदली झाली, तो जाताना आपली जुनी गाडी अप्पांना देऊन गेला. अप्पांचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या घरात. मामलेदार कचेरीत ते दप्तर सांभाळत आणि मी त्यांच्या शेजारच्या चटईवर बसून कागदांच्या नकला उतरवी. दिवसभर त्यांच्या हातात कायदे, हुकूम, परिपत्रकं. कुठलं कलम कुठल्या गठ्ठ्यात आहे हे ते डोळे मिटून सांगत. पण कचेरी सुटली, पायगाडीवर टांग टाकली, की या माणसाला लिहिलेल्या नियमांचा विटाळ होई. तिथे सगळा कारभार न लिहिलेल्या नियमांचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "लिहिलेलं नाही, पण आहे."

दर रविवारी सकाळी या पाच गाड्यांची शहाडच्या पुलापर्यंत आणि परत अशी शर्यत लागे. मला पायगाडी येत नव्हती, म्हणून मी पंच. पहिल्याच शर्यतीत दवाखान्यातल्या कंपाउंडरचं धोतर साखळीत अडकलं आणि तो बांधावर आडवा झाला. अप्पा सगळ्यांच्या पुढे होते. ते थांबले, वळून आले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून इतरांना अडवू लागले.

"थांबा! धोतर अडकलंय!"

"अडकू दे की," मागून कोणीतरी ओरडलं.

"तसं नाही. धोतर अडकलं की शर्यत थांबली. लिहिलेलं नाही, पण आहे."

अर्धा तास पाच माणसं एका धोतराभोवती उकिडवी बसली होती. धोतर निघालं, तोवर ऊन चढलं होतं. सगळे गाड्या हातात धरून चालत घरी गेले. निकाल काय लिहायचा, हे मला कळेना. अप्पा म्हणाले, "उत्तम झाली, असं लिहा."

दुसरा नियम नाजूक होता. शर्यतीत कोणाला लघुशंकेला उतरावं लागलं, तर बाकीच्यांनी वेग वाढवायचा नाही, शक्यतो थांबायचंच. उतरलेल्या माणसाचा गैरफायदा घ्यायचा नाही. हा नियम सर्वांना पटला. सगळ्यांत जास्त पटला तो गंगाधरपंत वकिलांना. वकिलाला नियमाआधी त्यातली फट दिसते. गंगाधरपंत अंगाने भारी, दम लवकर लागे. दम लागला की ते करंगळी वर करत आणि बाभळीमागे जात. की सगळी शर्यत उभी.

एका रविवारी ते पाच वेळा गेले. पाचव्या वेळेला मी पंच म्हणून नेमका बाभळीपलीकडेच उभा होतो. गंगाधरपंत दगडावर बसून निवांतपणे केळं खात होते. मी तरातरा अप्पांकडे आलो आणि पाहिलं ते सांगितलं. मला वाटलं, आता वकिलांची खैर नाही. अप्पा माझ्यावरच उखडले.

"सदाशिवराव, तिकडे बघायचं नसतं!"

"अहो, पण केळं..."

"कोणी तिकडे गेला की माणसाने तोंड फिरवावं. एवढंही तुम्हाला लिहून द्यायला हवं?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कचेरीत दौत हवी असली तरी शिपायाकरवी मागत.

अशा रीतीने वर्षभरात अप्पा एकही शर्यत जिंकले नाहीत. तशी पायांत ताकद होती त्यांच्या. रोज सकाळी आंबिवलीपर्यंत जाऊन येत. पण कोणासाठी तरी थांबत, कोणाला तरी विचारत, आणि शेवटचे येत. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

मग मुंबईच्या एका पायगाड्या विकणाऱ्या दुकानदाराने मुरबाडच्या सडकेवर मोठी शर्यत जाहीर केली. कल्याणहून निघायचं, दहाव्या मैलाच्या दगडाला वळसा घालायचा आणि परत यायचं. पहिला येईल त्याला कोरी करकरीत पायगाडी. दुकानदाराने आपला माणूसही उतरवला होता, हिरू पाटील. वरप गावचा, बाविशीचा, भाताची खाचरं तुडवून मांड्या घट्ट झालेल्या. दुकानाची गाडी चालवायची, शर्यती जिंकायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. अशीही नोकरी असते, हे कल्याणला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अप्पा मला घेऊन त्याला भेटायला गेले. हिरू पारनाक्यावर गाडीला तेल घालत होता.

"काय हो पाटील," अप्पांनी विचारलं, "तुमच्या नोकरीत शेजारचा पडला तर काय करता?"

"पडला त पडला. मी म्होरं जातो. त्याचाच त पगार हाय."

"आणि त्याचं धोतर अडकलं तर?"

"मंग त आजून जोरात जातो."

 परतताना घराशी आल्यावर अप्पा म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो. त्याला कोणी सांगितलंच नाही."

शर्यतीच्या रविवारी मला वरपच्या वेशीत नावं टिपायला बसवलं होतं. वेशीपलीकडे काय काय झालं, ते मला पुढे हिरूनेच सांगितलं.

दहाव्या मैलाला वळून तो सगळ्यांच्या पुढे निघाला होता, तोच एक बकरी आडवी आली. हिरू पडला. चाकाच्या रबराला भोक पडून हवा गेली. मागचे एकेक करून त्याच्या बाजूने निघून गेले, गंगाधरपंत तर घंटी वाजवत गेले. अप्पा थांबले.

"मी म्हटलं, जा की तुमी," हिरू सांगत होता. "त म्हनतात, 'मला पण जरा दम खायचाय.' खोटं! घाम पन नवता आला त्यांना."

हिरूने ठिगळ लावलं, अप्पांनी पंपाने हवा भरली. मग दोघे निघाले. समोरून वारा होता. अप्पा म्हणाले, "अर्धा मैल मी पुढे राहून वारा झेलतो, अर्धा मैल तू झेल." हिरूच्या नोकरीत हे बसत नव्हतं, पण त्याने ऐकलं. आणि त्या जोडीने एकेकाला गाठलं. प्रत्येकाला गाठल्यावर अप्पा पगडीला हात लावून विचारत आणि हिरू कपाळाला हात लावी. दमलेली माणसं "या बाबा, या" म्हणत. शेवटी राहिले सगळ्यांच्या पुढे असलेले गंगाधरपंत; कोऱ्या गाडीच्या ओढीने त्यांनी त्या दिवशी एकदाही करंगळी वर केली नव्हती.

"येऊ का पुढे?" अप्पांनी विचारलं.

"नाही," गंगाधरपंत म्हणाले.

असं उत्तर अप्पांना आजवर कोणी दिलं नव्हतं, म्हशीनेसुद्धा. अर्धा मैल ते वकिलांच्या मागे निमूट चालले. अखेर हिरूचा धीर सुटला. "वकीलसायेब, मी ईचारत नाय!" असं ओरडून तो पुढे गेला आणि अप्पांना हाका मारू लागला. "माफ करा हं," असं दोनदा म्हणून अप्पा पुढे सरले. माझ्या माहितीत आयुष्यात केलेला हा त्यांचा एकमेव गुन्हा.

वेशीत मी उभा होतो, तिथे ढोल वाजत होता. सगळं गाव सडकेला आलं होतं. धुरळ्यातून आधी दोन ठिपके दिसले, मग अप्पांची पगडी. मी हरखलो. मागे दूरवर कोणी नव्हतं, कल्याण दोन-तीन मैलांवर आलं होतं. गाव जवळ येताच अप्पांनी वेग कमी केला आणि हाताने हिरूला खूण केली.

"तुझं गाव आहे. तू पुढे हो."

हिरू पुढे झाला आणि लोकांनी एकच गलका केला. तेवढ्यात त्याची आई ताट घेऊन सडकेच्या मधोमध येऊन उभी राहिली. ताटात निरांजन, कुंकू, तांदूळ.

"आये, बाजूला हो! शरत हाय!"

"आसंल. आईच्या दारावरनं तसाच जातंस? उतर खाली."

हिरूने मागे पाहिलं. त्याची नोकरी त्या क्षणी अप्पांच्या हातात होती. बाजूने चार हात सडक मोकळी होती, आणि म्हातारीला ओलांडून जायला कोणाची परवानगीही लागणार नव्हती. पण अप्पा उतरले होते. गाडी धरून, धुरळ्याने पांढरे झालेले, बाजूला उभे होते.

हिरू उतरला. म्हातारीने त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग ती अप्पांकडे वळली.

"तुमची आय कुठं हाय, सायेब?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"घरात कोन?"

"कोणी नाही."

अप्पांची आई ते तीन वर्षांचे असताना गेली होती आणि बायको लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. हे मला ठाऊक होतं. शेजारच्या चटईवर बसून अकरा वर्षांत आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

म्हातारी जरा घुटमळली. "मी लावलेलं चालंल ना जी?"

अप्पांनी पगडी काढली आणि मान खाली केली.

तिने अंगठ्याने कुंकू लावलं, वर तांदूळ लावले. ताट फिरवायला लागली, तेव्हा मला सडकेवर गंगाधरपंत दिसले. घाम गाळत, घंटी वाजवत येत होते.

"अप्पा!" मी ओरडलो. "वकील आले! अप्पा, चला!"

हिरूने टांग टाकली होती. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. म्हातारीचे पाच फेरे पुरे होईपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत. गंगाधरपंत आमच्या मधून निघून गेले.

कोरी पायगाडी गंगाधरपंतांना मिळाली. हिरू दुसरा आला, चार हात मागे; त्याच्या ठिगळातून पुन्हा हवा गळत होती. दुकानदाराने महिनाभर तोंड वाकडं केलं, पण त्याला ठेवलं, कारण लोक दुकानात येऊन "हिरू पाटलाची गाडी दाखवा" म्हणू लागले होते. अप्पा तिसरे आले. आजवरचा त्यांचा सर्वांत वरचा नंबर.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना माझ्याने राहवेना. "अहो, जिंकला असतात तुम्ही."

"हो," ते म्हणाले.  मग म्हणाले, "हात फार खरखरीत होता हो तिचा."

सोमवारी ते कचेरीत आले. रोजच्यासारखी आंघोळ झालेली, धुतलेला अंगरखा. पण कपाळाला त्यांनी पाणी लागू दिलं नसावं. कुंकवाचा डाग होता तिथेच होता, तांदळाचा एक दाणा अजून चिकटलेला. मामलेदारसाहेब आत जाता जाता थबकले.

"काय प्रधान, काल घरी काही कार्य होतं वाटतं?"

मी मान खाली घालून नक्कल उतरवू लागलो.

"होय साहेब," अप्पा म्हणाले. "छोटंसंच." आणि दप्तराची गाठ सोडू लागले.