याकोबाचं पत्र आणि एक खुर्ची

कट्.

उभ्यानं प्रार्थना चालली होती, तेव्हाच्या शांततेत आवाज तसा बारीकच झाला. सगळ्या बायांचे डोळे मिटलेले. उघडले ते फक्त साळूबाईचे आणि तिचा पदर धरून उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या लेकीचे, मार्थाचे. साळूबाईच्या घरातल्या एकुलत्या खुर्चीचा पाय खोबणीतून निसटू पाहत होता. सकाळी मार्थानंच वर चढून तो मोडला होता. सुतार यायचा संध्याकाळी. तोवर पाय नुसता अडकवून खुर्ची भिंतीला टेकवलेली.

आणि ‘आमेन’ म्हणून पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, नेमक्या तिकडेच निघाल्या. जालन्याहून त्या मुद्दाम गाडीनं आल्या होत्या. परतूरच्या बायांचा शास्त्रवर्ग साळूबाईकडे सोपवायचा का, हे आजचा पाठ ऐकून त्या ठरवणार होत्या.

"बाई, तिथं नका बसू," साळूबाईच्या तोंडून गेलं.

सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. आता मोडकी खुर्ची मांडली म्हणून कसं सांगावं?

"आज बायबलातलं याकोबाचं पत्र वाचायचं हाय ना," ती चाचरत म्हणाली. "मोठ्याला चांगली जागा आन गरिबाला पायापाशी, असं करू नका म्हन्तो तो. तुमी आमच्यासंगं सतरंजीवरच बसा."

पाळकीणबाईंचा चेहरा उजळला. "इतकी वर्षं मी हे पत्र शिकवते, पण कुणी पाळलेलं आजच बघितलं." मग त्यांची नजर उंबऱ्याशी टेकलेल्या, मोळ्या विकणाऱ्या चतुराबाईकडे गेली. "चतुराबाई, मग खुर्चीवर तुम्ही बसा."

"मी? न्हाई बाई. अंगाला समदी धूळ हाय."

"पत्रात बरोबर तेच लिहिलंय. बसा."

"बसते मंग. पन हसू नका गं कुनी."

साळूबाईनं झटकन बाजूला जाऊन खुर्चीची पाठ गच्च धरली. सारा पाठ तिनं तसाच शिकवला. विश्वास नुसता तोंडात नको, हातातून दिसावा, हे सांगतानाही तिनं हात सोडला नाही. चतुराबाई मात्र आरामात रेलली; मधे थोडी पेंगलीसुद्धा.

"गरिबाला बसवलं आणि स्वतः उभी राहिली," निघताना पाळकीणबाई म्हणाल्या. "वर्ग तुमचाच, साळूबाई."

"लई बरं वाटलं गं," चतुराबाई उठत म्हणाली. "पुढल्या खेपंला बी हितंच बसते."

बाया गेल्या. साळूबाईनं हात सोडला आणि खुर्ची आडवी झाली.

मार्था तुटका पाय घेऊन जवळ आली. "आई, पाळकीणबाई पडतील म्हनून तू त्यांना बसू न्हाई दिलं ना?"

"हो गं."

"मंग चतुरामावशीला कामून बसू दिलं?"