मोतीचं वजन

धारपसाहेबांना कुत्रा पाळायचा होता. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीने परवानगी नाकारली, तेव्हा त्यांनी मासा पाळला आणि कुत्र्यासाठी ठरवून ठेवलेलं नाव त्यालाच देऊन टाकलं. असा तो मोती. बोटभर लांबीचा, नारिंगी रंगाचा गोल्डफिश. पंच्याऐंशी सालच्या डिसेंबरात साहेब पत्नीला घेऊन महिनाभर रामेश्वर-कन्याकुमारी करायला निघाले आणि मोतीची जबाबदारी दत्ताराम परबच्या गळ्यात पडली.

"परब, तुम्ही कोकणातले. तुम्हाला मासळीची माहिती असणार," साहेब घाटकोपरच्या ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले.

दत्तारामला मासळीची माहिती होती, पण ती सगळी मासा मेल्यानंतरची होती. कल्ला लाल हवा, अंग घट्ट हवं, डोळा चकचकीत हवा, एवढं त्याला शाळेच्या आधीपासून ठाऊक होतं. जिवंत मासा सांभाळायचा कसा, हे सात पिढ्यांत कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पण साहेबांनी पुढे हळूच सांगितलं, "परत आलो की हेडक्लार्कच्या जागेची शिफारस लिहायची आहे मला," आणि दत्तारामला एकाएकी माशांबद्दल माया वाटू लागली.

काचेची पेटी मांडीवर घेऊन तो रिक्षाने भांडुपला चाळीत आला. सोबत साहेबांनी टाइप करून दिलेला कागद होता: 'सकाळी पोळीचा चुरा, एक चिमूट. सोमवारी व एकादशीस उपवास.' धारपांच्या घरात मासासुद्धा शाकाहारी होता.

पेटी टेबलावर ठेवताच दत्तारामची आई, सगुणाबाई, चष्मा लावून पुढे झाली.

"ह्यो कसलो मासो रे? ह्येच्या अंगार मांस म्हणून नाय. मांजर पण तोंड लावचा नाय."

"आई, साहेबाचो मासो आसा तो. खावचो नाय, सांभाळूचो आसा."

"मासो? सांभाळूचो?" आईने सुनेकडे, शेवंतीकडे, असं पाहिलं की मुलाच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं दोघींचं तिथेच ठरलं.

पण म्हातारीची नजर खोटी नव्हती. मोतीचं डोकं मोठं, पोट खपाटीला गेलेलं, आणि पाठ सुरीसारखी. खायला टाकलं की झडप घालून खायचा, पण चार दिवसांत तो आणखीच वाळला. पाचव्या दिवशी त्याच्या मागून एक पांढरा दोरा लोंबायला लागला. शेवंती घरी ब्लाऊज शिवायची, तिला वाटलं आपल्याच रिळाचा दोरा पेटीत पडला. ओढायला म्हणून तिने बोटं पाण्यात घातली, आणि वस्तुस्थिती कळल्यावर साबणाची अख्खी वडी संपवली.

"अहो, हा मरणार हां! लिहून ठेवा."

"मरून चालणार नाय! ह्याच्या जिवावर माझी खुर्ची आहे," दत्ताराम म्हणाला.

रविवारी मंजुळा कोळीण पाटी घेऊन चाळीत आली. जन्मापासून माशांत वाढलेली बाई, तिच्याहून मोठा तज्ज्ञ कुठला मिळणार? दत्तारामने तिला हाताला धरून घरात आणलं. मंजुळाने पेटीत डोकावून पाहिलं, मग दत्तारामकडे पाहिलं.

"दादा, मना कशाला इचारतं? माझ्या पाटीतला मावरा कंदी आजारी परला नाय."

"तो मेलेला असतो गं!"

"मंग? मेल्यावर कोन आजारी परतं?" जाता जाता मंजुळा एवढं म्हणाली, "पोटात किरं हान त्याचे. आन पोली कसली घालतं त्याला? जवला घाल, जवला."

"मी काय सांगत होतंय?" आई म्हणाली. खरं तर ती काहीच सांगत नव्हती, पण आता तिने सूत्रं हातात घेतली. लहानपणी दत्तारामला जंत झाले की ती वावडिंग उगाळून द्यायची. तेच तिने मोतीला चमच्याने पाजायला घेतलं. पाण्यातल्या प्राण्याला पाणी पाजायचं कसं, हा प्रश्न पेटीतलं अर्धं पाणी फरशीवर येईपर्यंत कुणालाच पडला नाही.

शेवटी दत्ताराम नाक्यावरच्या डॉक्टर मार्तंड रेग्यांकडे गेला. दवाखान्यात गर्दी होती, त्यामुळे त्याने विषय जरा झाकूनच काढला.

"मला नाही, डॉक्टर. घरी एक जण आहे. खातो, पण अंगाला लागत नाही."

"शी कशी होते?"

"पांढरी. दोऱ्यासारखी."

"जंत. वय?"

"सहा."

"वजन?"

"असेल... सव्वा तोळा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मागच्या बाकावरचा खोकलाही थांबला. दत्तारामला सगळं सांगावं लागलं. डॉक्टर ओरडतील असं त्याला वाटलं होतं, पण म्हाताऱ्याचे डोळे लकाकले.

"तीस वर्षं भांडुपला आव, खोकला आणि गळवं बघतोय. पहिल्यांदा काहीतरी नवीन आलं! गोळी माणसांचीच देऊ, पण डोस वजनावर. नक्की वजन करून आण. अंदाजपंचे दिलं तर तुझे साहेब थेट तेराव्यालाच पोचतील. आणि रोज वजन लिहून ठेव. वाढलं तर औषध लागू पडलं."

सव्वा तोळ्याचं अचूक वजन करणारा माणूस भांडुपला एकच होता, शिवदास पेडणेकर सोनार. स्टीलच्या डब्यात मोती घालून, वर फडकं बांधून दत्ताराम त्याच्या पेढीवर गेला. दोन्ही पारड्यांत सारख्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या, काटा स्थिर झाला आणि मोतीला एका वाटीत सोडला. मोतीने एक उडी मारली ती सरळ पेढीखालच्या धुळीत. दत्ताराम रांगत त्याच्यामागे गेला.

"हळू! पुसू नका त्याला!" शिवदास ओरडला. "माझ्या दुकानातली धूळ आहे ती, सोन्याचे कण असतात त्यात. आम्ही झाडूसुद्धा फुकट झटकत नाही." त्याने स्वतः मोतीला वाटीत खंगाळला, ते पाणी बाटलीत भरून ठेवलं आणि मगच वजन केलं. एक तोळा, चार मासे; सोनाराच्या हिशेबात बारा माशांचा तोळा. "मासा किती मासे भरला!" असं म्हणून तो स्वतःच हसला. पुढे तो रोज हाच विनोद करत राहिला आणि वजन फुकट होतं म्हणून दत्ताराम रोज हसत राहिला.

गोळीचेही त्याच तराजूत गुंजेच्या हिशेबाने बारीक भाग झाले. ते सुक्या जवळ्याच्या भुकटीत मळून शेवंतीने मोतीला भरवले. साहेबांच्या कागदावर सोमवारी उपवास होता. त्या सोमवारी सगुणाबाईंनी मोतीला जवळा घातला आणि म्हणाल्या, "आजाऱ्याक उपास नसतो."

आता झालं असं, की दत्ताराम रोज संध्याकाळी झाकलेला डबा घेऊन सोनाराकडे जातो, हे सगळ्या चाळीने पाहिलं. शेवंतीला जिन्यात बायका विचारू लागल्या, "बांगड्या की हार गं?" दोन दिवस तिने ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी तिचा स्फोट झाला.

"माझ्या मंगळसूत्राची वाटी तुटून चार महिने झाले! तेव्हा सोनाराकडे जायला वेळ नव्हता. आणि ह्या मेल्याचं रोज वजन!"

"मेल्या म्हणू नकोस गं त्याला. अशुभ बोलू नये," दत्ताराम म्हणाला. त्या रात्रीचं जेवण त्याने आपल्या हाताने वाढून घेतलं.

पण औषध लागू पडलं. जंत गेले म्हणून की उपास सुटला म्हणून, हे देव जाणे. पांढरा दोरा दिसेनासा झाला, मोतीचं पोट भरलं, रंग झेंडूसारखा झाला. शिवदासच्या छापील चिठ्ठ्यांवर वजन चढत गेलं: दीड तोळा, एक तोळा आठ मासे, पावणेदोन तोळे. सगुणाबाई त्याची रोज दृष्ट काढू लागल्या. खरं सांगायचं तर दत्तारामचाही त्याच्यावर जीव जडला होता. बांगडे तळायचे असले की तो गुपचूप पेटीवर टॉवेल टाकायचा.

साहेब परतले, त्या रविवारी दत्ताराम पेटी घेऊन मुलुंडला हजर झाला. शाबासकीच्या तयारीने त्याने टॉवेल ओढला. साहेबांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"परब, हा मोती नाही."

"साहेब, मोतीच आहे! बरा झालाय!"

"माझा मोती सडपातळ होता. हा कुणीतरी हलवाई आहे. सहा वर्षं रोज सकाळी पाहतोय मी त्याला. आपलं माणूस मी ओळखणार नाही?"

दत्तारामने बावीस चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. साहेबांनी एकही न वाचता बाजूला सारल्या.

"सोनाराकडे मासा नेला होता, यावर मी विश्वास ठेवू? सरळ सांगा. खाल्लात ना?"

दत्तारामच्या डोळ्यांसमोरून हेडक्लार्कची खुर्ची हलत हलत दूर जाऊ लागली. तेवढ्यात साहेबांच्या पत्नी सुगंधाबाई दारात आल्या. "परब, जरा कॉफीचा ट्रे धरता का?" म्हणून त्यांनी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"मोतीच आहे तो. मला माहितीये," त्या कुजबुजल्या.

"मग सांगा ना साहेबांना, वहिनी!"

"कसं सांगू? हा चौथा आहे. पहिला ऐंशीतच गेला. हे ऑफिसला गेले की मी घाटकोपरच्या दुकानातून तसाच दुसरा आणते. वाळतो, जातो, पुन्हा आणते. ह्यांना वाटतं, सहा वर्षांचा एकच. तुम्ही पुराव्यानिशी भांडायला लागलात तर हे त्या दुकानापर्यंत पोचतील. मेला म्हणून सांगा. तुम्ही दुसरा आणलात म्हणून सांगा. तुमच्या पाया पडते."

"अहो, पण मी वाचवलाय त्याला!"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. दयाळू दिसता."

दत्ताराम ट्रे घेऊन बाहेर आला. रोजची सोनारवारी, बायकोचा अबोला, फुकटचं हसणं, सगळं त्याला आठवलं. पण दारातून सुगंधाबाई त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने ट्रे खाली ठेवला आणि मान खाली घातली.

"साहेब, मोती गेला. हा मी दुसरा आणला."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खाल्ला नाहीत ना?"

"आईशप्पथ साहेब! गोड्या पाण्यातला मासा आम्ही तोंडात धरत नाही."

हे मात्र इतकं मनापासून आलं की साहेबांचा विश्वास बसला. त्यांनी रुमालाने डोळे टिपले, उठले आणि दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवला.

"परब, एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर आपणहून चूक कबूल करणारे तुम्ही पहिलेच. मोती तर गेला. पण माणूस कळला." आणि त्याच टेबलावर, त्या चिठ्ठ्या बाजूला करून, त्यांनी शिफारस लिहिली: 'श्री. परब हे कठीण प्रसंगीही असत्य बोलत नाहीत.' मग पेटीकडे न बघता म्हणाले, "हा तोतया तेवढा घेऊन जा. माझ्याच्याने पाहवत नाही."

त्या संध्याकाळी भांडुपला आनंदीआनंद झाला. सगुणाबाईंनी आधी मोतीची दृष्ट काढली, मग हेडक्लार्कची. दुसऱ्या दिवशी दत्ताराम सोनाराकडे गेला तो शेवंतीचं मंगळसूत्र घेऊन. डबाही बरोबर होता, पण तो शेवंतीने पाहिला नाही.

दीड महिन्याने दारावर टकटक झाली. बाहेर सुगंधाबाई उभ्या होत्या, हातात फडकं बांधलेला स्टीलचा डबा.

"हा पाचवा," त्या दम खात म्हणाल्या. "ह्यांनी स्वतः निवडून आणलाय. बघा ना, कसा वाळत चाललाय. हे आठ दिवस पुण्याला गेलेत, तेवढ्यात काहीतरी करा."

दत्तारामने फडकं वर करून पाहिलं. पोट खपाटीला, मागे पांढरा दोरा. आतून सगुणाबाई जवळ्याची बरणी घेऊन आल्यासुद्धा होत्या. त्याने चपला घातल्या, डबा उचलला. शिवदासची पेढी सातपर्यंत उघडी असायची.

"होईल बरा, वहिनी. काळजी करू नका."

"बरा करा, पण एक सांगते, हेडक्लार्क," सुगंधाबाईंनी त्याला जिन्यात गाठलं, "जास्त जाड करू नका."