पिन हातात, तं बंद

जानेवारीतला रविवार, संध्याकाळी सात. स्थळ: भिवंडीजवळचं कोन गाव, नानांची पडवी. हजर: नाना, त्यांची शेजारीण मी आणि फोनच्या पडद्यावर नानांची लेक जागृती. गैरहजर: जावई. तो ड्युटीवर.

त्या संध्याकाळचं सांगण्याआधी नाना सांगायला हवेत. गेलेली लाईट परत आली की लोक पंख्याखाली जातात. नाना दोन्ही हात काखेत घालतात. पंखा फिरायला लागला, बाहेर कुणाचा तरी टीव्ही बोलायला लागला, की मग एकेक हात बाहेर काढतात आणि उलटसुलट करून बघतात. आमच्या आळीत याला कुणी हसत नाही. सवय झाली आहे.

नाना भिवंडीत लूम कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. आता निवृत्त. कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी नाही, खुर्ची नाही. आधी भिंतीवरचे प्लग बघतात. "पिन काढली का?" हा त्यांचा नमस्कार. बटण बंद केलंय म्हटलं, तर ठरलेलं उत्तर: "बटण बंद म्हंजे बंद न्हाय. पिन हातात, तं बंद."

एकदा माझ्या फ्रिजची पिन काढून गेले. मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी बोंबलांनी कळवलं. पुतण्याच्या हळदीत ओल्या अंगणातून डीजेची वायर गेलेली दिसली, तर भर गाण्यात पिन ओढली. नवरदेव हळदीचे हात वर करून तसाच उभा. डीजेवाला चिडला, "चाचा, क्या कर रहे हो?" नाना म्हणाले, "तुजा जीव वाचवलाय. बस, मटन खा."

या सगळ्यामागे एक गोष्ट आहे, ती नाना कधी पुरी करत नाहीत. "लाईट गेलती," अशी सुरुवात होते. "माज्या जोडीचा रामधन म्हनला, लाईटच न्हाय, मंग भ्या कशाचा. स्टार्टर चालूच ठेवला नं अडकलेला धागा कारायला हात घातला." एवढ्यावर नाना उठतात आणि पाणी प्यायला जातात. पुढे विचारायचं नसतं.

तर, जागृतीनं कॅनडात घर घेतलं आणि त्याबरोबर विजेवर चालणारं बर्फ फेकायचं मशीन. नानांनी आधी ते समजून घेतलं. पुढे फिरती पाती, आत मोटर, वर बर्फ उडवायचं नळकांडं. "म्हंजे उफनायचा पंखा," ते म्हणाले, "फक्त यो चावतो."

तेव्हापासून तिकडे बर्फ पडला की तिनं फोन समोर टेकवून ठेवायचा, आणि इकडे नाना पडवीत बसून कारखाना चालवायचे. आधी अंगणातलं पायपुसणं उचल. दगडगोटे उचल. बूट घाल. वायर मशीनच्या मागं ठेव, खांद्यावरून घे. नळकांड्याचं तोंड माणसाकडं नको, गाडीकडं नको. बर्फ अडकला तर हँडल सोड, पिन कार, पाती थांबू दे, मंग काठी घाल. हात न्हाय. थांबलेल्या पात्यातबी न्हाय.

"नाना, इथं लाईट जातच नाही," जागृती चिडवायची.

"जात न्हाय, म्हंजे ती तिथंच बसलेली हाय. त्याचीच भीती."

काठीवर त्यांचा भरवसा नव्हता. जागृती, त्यांची बाय, घाईत काठी शोधायची नाही, हात घालेल. म्हणून भात ढवळायचा आमच्याकडचा लाकडी चाटू पाठवायचं ठरलं. मी वळ गावच्या गोदामात माल रवाना करायचं काम बघते, म्हणून पार्सल माझ्याकडे आलं. कुरियरवाल्यानं विचारलं, कॅनडात चाटू मिळत नाही का? मी म्हटलं, लिहा, सुरक्षा साधन.

त्या रविवारी बर्फ घट्ट बसलेला होता. मशीन दोनदा गुरगुरलं आणि थांबलं. "थांबा हां, अडकलंय," जागृती म्हणाली आणि वाकली. तिचा हातमोजा नळकांड्याकडे जाताना मला दिसला.

"बाय, पिन..."

आणि कोनची लाईट गेली. पडवी काळी, वायफाय बंद, पडदा कोरा.

नाना ओरडले नाहीत. त्यांनी मला फक्त विचारलं, "कनची गेली? आपली का तिची?"

मी माझ्या फोनच्या नेटवरून तिला व्हिडिओ कॉल लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मी एरवी घाबरणारी बाई नाही. गोदामात ट्रक उलटला तेव्हाही आधी नंबर लिहून घेतला होता. पण त्या अंधारात नाना शेजारी "पिन, पिन" एवढंच पुटपुटत होते, आणि मीही त्यांच्याबरोबर तेच म्हणायला लागले. नाना म्हणाले, "रामधनबी असाच वाकलेला."

तिसऱ्यांदा पडदा उजळला. जागृतीच्या एका हातात पिन, दुसऱ्या हातात चाटू. "काय झालं? फोन बर्फात पडला होता."

"मोजे कार," नाना म्हणाले.

"नाना, उणे वीस आहे इथं."

"कार."

तिनं काढले. दोन्ही पंजे पडद्यासमोर धरून बोटं हलवली. नानांनी ओठ हलवत मोजली. दोनदा. "घाल आता. गारठशील," म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले. आमची लाईट आली तेव्हा त्यांचे हात काखेत होते. पडद्यावर जागृतीचेही. तिचे थंडीनं असतील.

निघताना मला त्यांच्या खाटेजवळचा चार्जर दिसला. वायर तीन जागी फाटलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली, एका जागी तांबं दिसतंय. साऱ्या गावाच्या पिना काढणाऱ्या माणसाच्या घरात हे. मी सवयीनं हात पुढे केला.

नानांनी माझं मनगट धरलं. "ती नको."

"नाना, जळेल घर."

"बाय कवाबी फोन करते," ते म्हणाले. "बॅटरी उतरली तं?"

सोमवारी वळहून येताना नवा चार्जर आणला. नाना म्हणाले, दुपारी बदलू, बाय झोपलेली असते तवा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले, तर म्हणाले, "आज नको. तिकरं बरफ सांगितलाय."

त्या आठवड्याची माझी बाकीची कामं झाली. नवा चार्जर अजून पिशवीतच आहे.