काटेकोर साहेबांच्या कॅलरी

सकाळी पावणेनऊला काटेकोर साहेबांच्या पँटचं बटण तुटलं आणि टुणकन उडून बायकोच्या चहात पडलं.

"कापड आटलंय," साहेब म्हणाले.

"सहा वर्षं आटलं नाही ते आजच बरं आटलं!" बायकोने चमच्याने बटण बाहेर काढलं. "अहो, पोट सुटलंय तुमचं."

"शक्यच नाही." साहेबांनी डावं मनगट तिच्या नाकासमोर धरलं. "वाच. कालच्या एका दिवसात तीन हजार एकशे चाळीस कॅलरी! एवढ्या जाळणाऱ्या माणसाचं पोट सुटत नसतं. शिंप्याने माप चुकवलं असणार."

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले काटे तपासले होते आणि एकाही चुकीच्या काट्यावर खात्याचा ठप्पा उमटू दिला नव्हता. 'काटेकोर' हे नाव त्यांना बाजाराने दिलं होतं. कौतुकाने दिलं की वैतागून, ते विचारायच्या भानगडीत साहेब पडले नाहीत. कौतुकानेच दिलंय असं धरून ते छाती पुढे काढून बाजारातून फिरत.

मनगटावरचं घड्याळ जावयाचं. जावईबापूंनी नवीन घेतलं आणि जुनं सासऱ्यांना दिलं. नेमकी त्याच महिन्यात कार्यालयात आरोग्य स्पर्धा जाहीर झाली. महिनाभरात घड्याळाप्रमाणे सर्वांत जास्त कॅलरी जाळेल त्याला ढाल मिळणार होती आणि त्याचा फोटो दर्शनी भिंतीवर लागणार होता. त्या भिंतीवर आजवर फक्त वरिष्ठ अधिकाऱ्यांचे फोटो लागले होते. निरीक्षकाला तिथे जागा नव्हती. साहेबांना निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते. जाण्याआधी तो फोटो लागावा असं त्यांना फार वाटत होतं. बोलून दाखवत नव्हते, पण रोज भिंतीजवळ थांबून कुठे खिळा बसेल याचा अंदाज घेत होते.

आणि आकडे तर असे येत होते की बाकीच्यांनी तोंडात बोट घालावं. हेडक्लार्क बाई दुसऱ्या क्रमांकावर होत्या, पण रोज हजारभराने मागे. साहेब मधल्या सुट्टीत केकचा दुसरा तुकडा उचलत आणि म्हणत, "इतका जाळ पेटलाय म्हटल्यावर सरपण नको का घालायला?"

बटण तुटल्यावर मात्र त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. त्यांनी आधी शिंपी गाठला.

"तुझी टेप दाखव."

"साहेब, मी कपडे शिवतो. काही विकत नाही मोजून."

"टेप!"

टेप पोलादी पट्टीला लावून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. घरी येऊन साहेब वजनकाट्यावर उभे राहिले. महिन्यापूर्वी त्रेसष्ट दाखवणारा काटा आता एकोणसत्तर दाखवत होता. साहेबांनी त्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवली आणि औषधाच्या दुकानातला काटा गाठला. तोही एकोणसत्तर म्हणाला.

"दोन्ही काटे एकदमच बिघडले," साहेबांनी बायकोला सांगितलं.

"आणि दोघांनी ठरवून एकच आकडा सांगितला, होय ना?" बायको म्हणाली.

बक्षीस समारंभ एका दिवसावर आला होता. साहेब पँटला सेफ्टी पिन लावून, पितळी वजनांची पेटी घेऊन बाजारात निघाले. एवढ्या मोठ्या बाजारात एक तरी काटा खरं बोलत असेल, अशी त्यांना आशा होती.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे पोती मोजायचा मोठा काटा होता. दुकानदार साहेबांना चांगला ओळखून होता. आठ वर्षांपूर्वी साहेबांनी त्याच्या वडिलांचा काटा बारा ग्रॅमच्या फरकासाठी जप्त केला होता. तो काटा अजूनही कार्यालयातल्या काचेच्या कपाटात, गळ्यात दुकानाच्या नावाची चिठ्ठी अडकवून बसला होता. येणारा-जाणारा ती वाचायचा. तेव्हापासून दुकानदार रोज सकाळी देवाला हात जोडायच्या आधी काटा तपासत असे.

साहेब आले ते थेट काट्यावर चढले. एकोणसत्तर किलो चारशे ग्रॅम.

"सहा किलो पुढे आहे तुझा काटा. सील करावा लागेल."

दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, सकाळीच बघितलाय! हवं तर तुमची वजनं ठेवा. पण असा उभ्या उभ्या सील करू नका, उद्या बाजाराचा दिवस आहे."

साहेबांनी पेटी उघडली आणि पाच-पाच किलोची चार वजनं ठेवली. काटा म्हणाला, वीस. ना ग्रॅमभर कमी, ना ग्रॅमभर जास्त. वजनं कोपऱ्यात ठेवली, मध्ये ठेवली, काढून परत ठेवली. वीस म्हणजे वीस.

"शिंप्याची टेप पण तपासलीत म्हणे," दुकानदार हळूच म्हणाला. बाजारात बातमी साहेबांच्या आधी पोचते.

"तपासली. बरोबर आहे."

"घरचा काटा?"

"तोच आकडा."

"औषधवाल्याचा?"

"तोच."

"मग साहेब, तपासायचं राहिलं काय?" दुकानदार साहेबांच्या मनगटाकडे बघत होता.

आपला तो बाब्या, म्हणतात ना, तसं झालं होतं. साऱ्या बाजारावर संशय घेऊन झाला, पण जावयाच्या घड्याळाकडे वाकड्या नजरेने बघावं असं साहेबांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी हात पाठीमागे घेतला.

"हे तपासायचं कसं? याला पारडं नाही, वजन कुठे ठेवणार?"

"तुम्हीच शिकवलंत की आम्हाला. आधी रिकामा काटा शून्य दाखवतो का ते बघायचं."

"रिकामं मनगट आणू कुठून?"

दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलं. दाराशी बटाट्याचं पोतं टेकलेलं होतं. तोंड शिवताना त्याचा एक कान चांगला मनगटाएवढा सुटला होता. साहेबांनी आकडा वहीत टिपला, वेळ टिपली आणि घड्याळाचा पट्टा पोत्याच्या कानाला आवळला. मग दोघे स्टुलांवर बसून राहिले.

एक बाई पिशवी घेऊन आल्या. "दोन किलो बटाटे द्या हो."

"अर्ध्या तासाने या," दुकानदार म्हणाला. "आत्ता त्यांचा व्यायाम चाललाय."

अर्ध्या तासाने साहेबांनी चष्मा लावून घड्याळ पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं. जागचं न हलता पोत्याने सेहेचाळीस कॅलरी जाळल्या होत्या. नाडी चौऱ्याहत्तर होती.

"प्रकृती ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला.

साहेब हसले नाहीत. दोघांनी मिळून घड्याळाची बटणं दाबली तेव्हा आत कुठेतरी मालकाची माहिती सापडली. वय चौतीस. वजन एकशे बारा किलो. साहेबांनी तिथूनच जावयाला फोन लावला.

"अरेच्चा! ते बदलायचं राहूनच गेलं, बाबा," जावईबापू म्हणाले. "त्यात आपापलं वय आणि वजन टाकायचं असतं. त्यावरूनच ते सगळा अंदाज बांधतं, नुसतं बसलं तरी मोजत राहतं. आणि बाबा, एकशे बारा कुणाला सांगू नका हं. घरी मी पंच्याण्णव सांगितलंय."

म्हणजे महिनाभर साहेब एका धिप्पाड तरुणाच्या कॅलरी जाळत होते आणि केक मात्र स्वतः खात होते.

"मी कुणाजवळ बोलणार नाही," दुकानदार म्हणाला. "एकतीस वर्षं केलीत साहेब. लागू दे फोटो. कुणाचं काय जातंय?"

साहेब बराच वेळ वजनं पुसून पेटीत भरत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांचा काटा किती पुढे होता?"

"बारा ग्रॅम."

"काय म्हणाले होते ते तेव्हा?"

"म्हणाले होते, मला ठाऊकच नव्हतं हो."

"आणि मी?"

दुकानदार जरा घुटमळला. "तुम्ही म्हणालात, काटा ज्याच्या हातात, चूक त्याची."

साहेबांनी पेटीचं झाकण लावलं आणि ते घरी गेले. बायकोने पँटचं बटण दोन बोटं पुढे सरकवून लावून ठेवलं होतं. न विचारता.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी काटेकोर साहेबांचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. भिंतीवर खिळाही ठोकून झाला होता. साहेबांनी त्याच्याकडे एकदा बघून घेतलं, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे माप खोटं आहे. काल मी याची पडताळणी केली. बटाट्याच्या पोत्यानेही यावर माझ्याइतकीच मेहनत केली असती."

सगळी हकिगत त्यांनी सांगितली. जावयाचं वजन तेवढं सांगितलं नाही.

"अहो, असू द्या हो," मोठे साहेब कुजबुजले. "अंदाजच तो. थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच."

"साहेब, बारा ग्रॅमसाठी मी लोकांचे काटे उचललेत. इथे तर फरक किलोंत आहे."

मोठ्या साहेबांनी घाम पुसला. "मग ढाल हेडक्लार्क बाईंना..."

"जरूर द्या. पण पडताळणी करून." साहेबांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. खात्याचा मोठा काटा तिथे उभा होता. शहरातला सर्वांत अचूक काटा, आणि खात्यातला एकही माणूस आजवर त्यावर चढला नव्हता. "बाई, घड्याळात वजन किती घातलंय?"

"बावन्न," बाई म्हणाल्या आणि सभागृहात कुणालातरी खोकला आला. बावन्न हे त्यांचं लग्नातलं वजन होतं.

"या, उभ्या राहा. आणि घाबरू नका. खरं वजन जास्त निघालं तर तुमच्या कॅलरी वाढतीलच. पहिला नंबर पक्का होईल."

बाईंनी काट्याकडे पाहिलं, ढालीकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं. "मला फोटो नको," त्या खाली बसत म्हणाल्या. "माझे फोटो चांगले येत नाहीत."

तिसऱ्या क्रमांकाचे अकाउंटंट तोवर चहा बघायला बाहेर गेले होते. चौथ्यालाही काहीतरी काम आठवलं. ढाल टेबलावरच राहिली आणि खिळा भिंतीवर.

दुपारी साहेबांनी काचेचं कपाट उघडलं. आत पोकळ वजनं होती, तळाला लोहचुंबक लावलेली पारडी होती, आणि दुकानदाराच्या वडिलांचा काटा होता. त्याच्या शेजारी साहेबांनी घड्याळ ठेवलं आणि गळ्यात चिठ्ठी अडकवली: 'जास्त दाखवते. शून्य चाचणी: नापास. जप्त केले स्वतःकडून.' खाली ठसठशीत सही, हुद्दा, तारीख. एकतीस वर्षांत इतकी सुरेख सही त्यांनी केली नव्हती. केल्यावर ते दोन पावलं मागे सरकून बघत राहिले, आणि त्यांना स्वतःचा मनापासून अभिमान वाटला.

संध्याकाळपर्यंत अर्धा बाजार ती चिठ्ठी वाचून गेला. भिंतीवरच्या वरिष्ठांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुकानदार सर्वांत शेवटी आला. काचेला नाक लावून त्याने दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, वडिलांची आणि साहेबांची.

"आठ वर्षं या कपाटासमोरून मान खाली घालून गेलो," तो म्हणाला. "आज वडिलांना शेजार मोठ्या माणसाचा मिळाला."

साहेबांनी रुमालाने कपाटाची काच पुसली. तेवढ्यात कपाटात काहीतरी थरथरलं, पोकळ वजनं एकमेकांवर किणकिणली आणि घड्याळाचा पडदा उजळला.

'शाब्बास! आजचं ध्येय पूर्ण!'

"बघ," साहेब छाती काढून म्हणाले, "जप्त केलं तरी खोटंच बोलतंय. पकडलं ते बरोबर पकडलं."