मस्के सरांची बारा नंबरची जागा

आमच्या ताथवड्याच्या सोसायटीत मस्के सर रोज संध्याकाळी आपल्या पार्किंगच्या रिकाम्या जागेत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात. गाडी नाही. चालवताही येत नाही. पण बारा नंबरच्या त्या चौकोनात कोणी स्कूटरचं नुसतं चाक टेकवलं, तरी सर चष्मा कपाळावर चढवून उभे राहतात.

सर लातूरकडचे. शिक्षण प्राणिशास्त्राचं आणि नोकरी इंजिनिअरिंग कॉलेजात पर्यावरण शिकवायची. म्हणजे जो तास मुलं डबा खायला राखून ठेवतात, तो सरांचा. जन्मभर त्यांनी ध्यास घेतला तो सॅलमँडरचा. हा प्राणी दिसायला पालीसारखा, पण भाऊबंद बेडकाचा. आपल्या देशात तो दार्जिलिंगच्या बाजूला सापडतो म्हणे. सरांनी तो पुस्तकातच पाहिलाय.

पार्किंगवरून दोघांची जुंपली की सर मध्ये पडणारच. "सॅलमँडरचं बघा. दगडाखालची जागा धरली की हद्दीला आपला वास लावून ठेवतो. दुसरा आला की वास घेतो, अन् शहाणा असला तर निघून जातो. तुमच्यासारखं हॉर्न वाजवत बसत न्हाई."

माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा शेजारी म्हणून सरांनाही बोलावलं. ही माझी चूक. वहिनीनं मुलाचं पॅकेज विचारलं आणि मुलाचे वडील जरा फुगले. सर त्यांची समजूत घालायला सरसावले, "विचारू द्या हो. काही सॅलमँडरांत मादी नराची विष्ठा तपासते, हा खातो काय ते बघायला. चांगलं खात असला तरच पुढची बोलणी." पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. ते स्थळ मोडलं.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत ठराव झाला. ज्याच्याकडे गाडी नाही त्याची जागा काढून दोन गाड्या असलेल्याला द्यायची. सेक्रेटरी मीच, त्यामुळे नोटीस घेऊन सरांपुढे जाणंही माझ्याच नशिबी आलं. सर कडाडून भांडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. मलाच राहवेना.

"सर, एखादी जुनी गाडी घेऊन उभी करा. धूळ खात पडेना का! जागा तर राहील."

सर गोंधळले. "अन् मग सुनंदा आली तर तिनं गाडी कुठं लावायची?"

सुनंदाताई म्हणजे सरांच्या पत्नी. बँकेत होत्या. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन नाशिकला गेल्या, आणि बदलीची मुदत संपली तरी परतल्या नाहीत. घरात एकच गाडी होती, ती त्यांची. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी तीन वर्षं मी त्या खुर्चीला हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"मग फोन करा ना त्यांना."

"जायचं तर जा, असं मीच म्हणलो होतो. आता कोणत्या तोंडानं बोलवू? बेडूक ओरडून बोलावतो, सेक्रेटरीसाहेब. सॅलमँडरला ते जमत न्हाई. तो जागा राखतो."

मी रजिस्टरमध्ये बारा नंबरपुढे सुनंदाताईंच्या गाडीचा नंबर लिहिला. सरांना तो तोंडपाठ होता. शेरा मारला, 'गाडी बाहेरगावी'. दोन गाड्यांवाले चिडलेत, चिडू देत. नोंद झाली की गाडीला रहिवाशाचा स्टिकर द्यावाच लागतो, तोही सरांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सर पाकीट घेऊन माझ्या दारात. आत नुसता स्टिकर, चिठ्ठी नाही.

"हा लावलेला असला म्हणजे गेटवर तिला पाहुण्यांच्या वहीत नाव लिहावं लागायचं न्हाई," ते म्हणाले. मग पाकीट आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"पत्ता तुम्ही लिहा. माझं अक्षर दिसलं तर ती उघडायचीच न्हाई."