अंडं, दही आणि यमुताईंची वेणी

चिन्मयीने सासूच्या डोक्यावर दुसरं अंडं फोडलं आणि यमुताईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"वास मारून राहिला वं, चिन्मयी!"

"मारू द्या आई. व्हिडिओतल्या त्या बाईचे केस पाहिले ना तुम्ही? आधी तुमच्यासारखेच होते, मरतुकडे. अंडं-दही लावलं अन् कसे भरगच्च दिसून राहिले!"

"हळू बोल. यांनी ऐकलं तर मले घराबाहेर काढतील."

'हे' म्हणजे कृष्णकांतराव. त्यांच्या घराचा उंबरठा अंड्याने आजवर ओलांडला नव्हता. आजची दोन अंडी चिन्मयीच्या पर्समधून, हातरुमालात गुंडाळून आली होती. कृष्णकांतराव जेवून कूलरसमोर आडवे झाले, घोरायला लागले, तेव्हा कुठे सासू-सुनेने मागच्या पडवीत हा कार्यक्रम सुरू केला.

एवढं धाडस उगाच नव्हतं. संध्याकाळी धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये यमुताईंच्या कॉलेजच्या मैत्रिणी भेटणार होत्या. तरुणपणी पांगलेल्या त्या बाया आता कुठे व्हॉट्सअ‍ॅपने हुडकून काढल्या होत्या. आणि कॉलेजात यमू म्हटलं की वेणी. मनगटाएवढी जाड, गुडघ्याशी खेळणारी. मागच्या बाकावरच्या पोरी ती बाकाला बांधून ठेवायच्या. पुढे लग्न झालं, बाळंतपण झालं, पोस्टातली नोकरी झाली, आणि वेणी कधी विरघळत गेली ते कळलंच नाही. आता अंबाडा घातला तर तो सुपारीएवढा व्हायचा आणि वरून टाळू चमकायची. "यमे, वेणी कुठे गेली वं?" हा प्रश्न यमुताईंना आठवडाभर झोपू देत नव्हता.

लेप वाळला. यमुताई न्हाणीघरात शिरल्या आणि थबकल्या. सकाळी भरून ठेवलेली गार पाण्याची बादली रिकामी होती.

"चिन्मयी, पाणी?"

"बाबांनी कूलरमध्ये ओतलं वाटते! नळाचं घ्या ना आई."

मे महिन्यातली नागपूरची दुपार. गच्चीवरची काळी टाकी सकाळपासून तापत होती. यमुताईंनी डोकं खाली वाकवून नळ सोडला आणि एवढ्या जोरात किंचाळल्या की कूलरसमोरचं घोरणं क्षणभर थांबलं. चिन्मयी धावत आली. यमुताईंच्या केसांतून पांढरेपिवळे गोळे लोंबत होते.

"आई," चिन्मयीने एक गोळा चिमटीत दाबून पाहिला, "हे तर शिजलं!"

"काय शिजलं?"

"अंडं."

यमुताईंनी डोक्याला हात लावला. बोटांना मऊ, कोमट, दाणेदार काहीतरी लागलं. रस्त्यावरच्या गाड्यांवरची भुर्जी त्यांनी आजवर नाकाला पदर लावून टाळली होती. आज ती त्यांच्या टाळूवर होती.

त्यांनी कंगवा फिरवला तर कंगवा अडकला. चिन्मयीने फ्रिजमधलं गार पाणी ओतलं तर गोळे आणखी आवळून बसले. शेवटी तिने पार्लरवाल्या काजलला फोन लावला. काजल पलीकडून ओरडलीच.

"गरम पाण्यानं धुतलं? अंडं लावल्यावर? चिन्मयी, आता थेंबभर पाणी लावू नको. पूर्ण वाळू दे अन् मग चुरून चुरून झटक."

वाळायला वेळ लागला नाही. बाहेर लूच्या गरम झळा होत्याच. पण वाळलेलं अंडं-दही झटकलं जाईना. उलट एकेक बट ताठ उभी राहिली. यमुताईंनी आरशात पाहिलं. टाळू कुठेच दिसत नव्हती. केस चांगले वीतभर फुगले होते. क्षणभर त्या मोहरल्या, मान वळवून दुसऱ्या बाजूनेही पाहून घेतलं. मग हात लावला तर डोकं पापडासारखं कुरकुरलं आणि खांद्यावर भुगा सांडला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "काय वं, वास कायचा येऊन राहिला?"

"कायचा वास?" यमुताईंनी न्हाणीघरात शिरून कडी लावली.

"अंड्याचा! शिजलेल्या अंड्याचा! हा चंपत्या काही सुधरत नाही. भिंतीला भिंत लागून आहे याचा काही विचार? थांब, सांगूनच येतो त्याले."

शेजारचे चंपतराव खरं म्हणजे रामटेकच्या रामाचे भक्त. घरात कांदासुद्धा बेतानेच. चपला फटफटवत कृष्णकांतराव गेले आणि लगेच भिंतीपलीकडून दोन्ही आवाज चढले.

"माझ्या घरात अंडं? अगा कृष्णकांता, उन्हानं डोकं फिरलं काय तुझं?"

"मग वास कुठून येऊन राहिला?"

"मी काय सांगू! चल, आधी माझं घर हुंग. मग तुझं हुंगतो. होऊन जाऊ दे!"

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. चंपतरावांचं घर असं कितीसं मोठं होतं! ते हुंगून होताच दोघं इकडे येणार होते.

"साडी नेसा," चिन्मयी कुजबुजली. "मी गाडी काढते."

"या डोक्यानं जाऊ? कुठं?"

"कुठंही. इथे मात्र राहू नका."

तिने आपला मोठा सुती स्कार्फ यमुताईंच्या डोक्याला, कानांना, तोंडाला कसून गुंडाळला. उन्हात नागपूरच्या रस्त्यांवर पोरी फिरतात तशा यमुताई नुसत्या डोळ्यांच्या उरल्या. मागच्या दाराने दोघी निघाल्या तेव्हा पुढच्या दारात चंपतराव म्हणत होते, "अहाहा! कृष्णकांता, लांब श्वास घे!"

काजलचं पार्लर बंद होतं. तिची वाट पाहता पाहता संध्याकाळ झाली. आता जायला एकच जागा उरली.

"फक्त टेकून येते," हॉलच्या दाराशी यमुताई म्हणाल्या. "स्कार्फ सोडायचाच नाही. ऊन लागलं म्हणते."

आत एसी होता, संत्रा बर्फी होती आणि बायांचा कलकलाट. यमुताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. कोणी ओळखलं नाही. कोणाची तरी सून सासूला न्यायला आली असेल, असं समजून एकीने बर्फीची ताटली तेवढी पुढे सरकवली. शेजारीच पार्वती बोलत होती. आवाज अजून तोच, घोगरा.

"अन् ती वेणी आठवते का गं? बाकाला बांधायचो आपण?"

यमुताईंनी स्कार्फ आणखी आवळला. आलंच!

"आठवते ना," माया म्हणाली. "इंदूची! काय केस होते बापा इंदूचे!"

यमुताईंना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. समोर इंदूबाई बसली होती, पोरासारखे बारीक कापलेले पांढरे केस घेऊन. कॉलेजातही तिचे केस खांद्याखाली कधी उतरले नव्हते. आणि ती मान खाली घालून लाजून हसत होती.

"आता काय राहिलं त्यातलं," इंदूबाई म्हणाली.

"अन् यमू काहून नाही आली अजून?" पार्वतीने विचारलं.

"कोणती यमू?"

"अगं, बसवाली! विसरली काय? सीताबर्डीच्या बसमध्ये तो माणूस मले त्रास देऊन राहिला होता. सारे खिडकीबाहेर पाहत होते. यमूनं त्याची कॉलर धरली अन् ड्रायव्हरले म्हणे, गाडी सरळ ठाण्यात घे. साऱ्या पॅसेंजरसकट बस ठाण्यात नेली तिनं! माझी तर दातखिळी बसली होती. ती नसती तर मी कॉलेजच सोडलं असतं."

यमुताई थक्क झाल्या. तो प्रसंग त्या साफ विसरल्या होत्या. त्या दिवशी आईने उशीर झाला म्हणून चांगलं झापलं होतं, एवढंच धूसर आठवत होतं. पण वेणीचं दुःख त्याहून ताजं होतं. जिच्यासाठी भर दुपारी डोकं भाजून घेतलं, ती वेणी डोळ्यांदेखत इंदूच्या नावावर चढली होती! त्या तडक उठल्या आणि एका झटक्यात स्कार्फ ओढला.

"ए, ती वेणी..."

पुढचं बोलणं राहिलं. पिवळापांढरा भुगा हवेत उडाला आणि संत्रा बर्फीवर अलगद उतरला. ताठ उभ्या केसांकडे साऱ्या आ वासून पाहत राहिल्या.

"यमे!" पार्वतीने किंकाळी फोडली. "हे काय वं?"

"अंडं," यमुताई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

मग जो हशा उसळला, तो आवरता आवरेना. पार्वतीने त्यांना मिठी मारली आणि डोक्याला गाल लागताच, "काय गं हे, कुरकुरून राहिली तू!" म्हणून पुन्हा हसत सुटली.

त्या गडबडीत इंदूबाई यमुताईंच्या कानाशी आली. चेहरा पार उतरला होता.

"तुझीच होती वं ती," ती हळूच म्हणाली. "मले माहीत आहे. पण औषधांनी केस गेले माझे दोन वर्षांमागं. हे आत्ता कुठं उगवून राहिले. कोणी केसांचं नाव काढलं की मीच उठून जाते. आज पहिल्यांदा चांगलं बोललं कोणी, तर मी गप बसली."

यमुताईंनी तिच्याकडे पाहिलं.

"यमे, तू काही तरी सांगून राहिली होती ना?" माया डोळे पुसत म्हणाली. "वेणीचं काय?"

यमुताईंनी कानामागून वाळलेल्या अंड्याचा एक तुकडा काढला, ताटलीच्या कडेला ठेवला आणि इंदूबाईच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"तेच सांगून राहिली होती," त्या म्हणाल्या. "इंदूची वेणी बाकाले बांधायची आयडिया माझीच होती."